मुक्तस्रोत दस्तऐवज व प्रकल्प व्यवस्थापन संकेतस्थळ

मुक्तस्रोत दस्तऐवज व प्रकल्प व्यवस्थापन संकेतस्थळ म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या अंतर्गत वापरासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभारलेले असे संकेतस्थळ, की ज्यावर संस्थेचे कागदपत्र, त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या, चालू कामांची यादी, त्या कामांची मुदत आणि प्रत्येक कामाची जबाबदारी असलेली व्यक्ती यांची नोंद एकत्र ठेवली जाते. हे संकेतस्थळ सर्वांसाठी खुले नसते. संस्थेचे कर्मचारी व पदाधिकारी आपापले सदस्यनाव व परवलीचा शब्द वापरून त्यात प्रवेश करतात. कार्यालये, महाविद्यालये, सहकारी संस्था, ग्रंथालये, संशोधन संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था आणि लहान उद्योग यांना अशा संकेतस्थळाचा उपयोग होतो.

असे संकेतस्थळ उभारण्यास लागणारे बहुतेक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यामुळे सुरुवातीचा खर्च कमी असतो. ते दीर्घकाळ उपयोगी राहील की नाही हे मात्र नोंदींची शिस्त, मराठी मजकुराची योग्य साठवण, राखीव प्रती आणि देखभालीची ठरलेली जबाबदारी या चार गोष्टींवर अवलंबून असते.

## संज्ञा आणि व्याप्ती

‘दस्तऐवज व्यवस्थापन’ या संज्ञेत कागदपत्र साठवणे, त्याचे वर्गीकरण करणे, बदलांचा इतिहास जपणे, कोणी काय वाचावे व बदलावे हे ठरवणे आणि हवा तो कागद शोधून काढणे यांचा समावेश होतो. ‘प्रकल्प व्यवस्थापन’ या संज्ञेत एका मोठ्या कामाचे लहान कामांत विभाजन, त्यांचा क्रम, मुदत, खर्च आणि जबाबदारी यांची आखणी येते. कामांच्या मुदती आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो. तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रचारात आला आणि आजही बहुतेक प्रकल्प व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये आढळतो.

ही दोन्ही कामे एकाच संकेतस्थळावर आणण्याचे कारण व्यावहारिक आहे. नगरपरिषदेच्या एखाद्या रस्त्याच्या कामात सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयके आणि पूर्णत्वाचा दाखला असे अनेक कागद निर्माण होतात. काम कोठवर आले आहे हे समजण्यासाठी हे कागद लागतात आणि कागदांचा अर्थ लावण्यासाठी कामाचा क्रम माहीत असावा लागतो. दोन्हींची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास दर वेळी ती जुळवून घ्यावी लागते.

‘मुक्तस्रोत’ म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ संकेत परवान्यानुसार पाहता, वापरता, बदलता व वितरित करता येतो असे सॉफ्टवेअर. मुक्तस्रोत असणे आणि फुकट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण त्याचा संकेत बंदिस्त असतो. काही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या सेवेसाठी कंपन्या शुल्क आकारतात.

## पार्श्वभूमी

### कागदी दप्तराची परंपरा

महाराष्ट्रातील कार्यालयांत आवक-जावक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही, संचिका आणि अभिलेख कक्ष ही व्यवस्था दीर्घकाळ चालत आली आहे. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयीन कामकाजात सुधारणा केल्या, त्या ‘लखीना पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जातात. दप्तराचे सहा गठ्ठ्यांत वर्गीकरण करण्याची पद्धत महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत सुपरिचित आहे. काम सुरू असलेली प्रकरणे, उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गाची प्रकरणे असे हे सहा गठ्ठे होत. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असून ‘अ’ वर्ग कायम जपावयाचा असतो.

संगणकीय प्रणालीतील ‘चालू’, ‘प्रतीक्षेत’, ‘बंद’ आणि ‘संग्रहित’ या अवस्था या पद्धतीशी मिळत्याजुळत्या आहेत. म्हणून नवीन संकेतस्थळाची रचना करताना कर्मचाऱ्यांना परिचित असलेले वर्गीकरण तसेच ठेवल्यास ते लवकर अंगवळणी पडते.

### मुक्त सॉफ्टवेअरचा विकास

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. ग्नू सर्वसाधारण सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, दुसरी १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली.

वाचकाला पानावरच संपादन करता येईल असे पहिले विकी संकेतस्थळ वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केले. हे संकेतस्थळ संगणक आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपले अनुभव एकत्र नोंदवता यावेत यासाठी होते. २००१ नंतर विकिपीडियाच्या गरजेतून मीडियाविकी हे सॉफ्टवेअर तयार झाले. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच परंपरेत चालतो.

## वापरले जाणारे सॉफ्टवेअर

अशा संकेतस्थळाचे साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली, त्यावर पाने पुरवणारा वेब सर्व्हर (उदा. अपाची किंवा एनजिनएक्स), त्यासोबत नोंदी साठवणारा विदागार (उदा. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल) आणि सर्वांत वर वापरकर्त्याला दिसणारे सॉफ्टवेअर. या चौथ्या थरासाठी पुढील पर्याय प्रचलित आहेत.

डोकुविकी: आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये सुरू केलेले हे विकी सॉफ्टवेअर मजकूर साध्या मजकूर-फाइलींत साठवते. त्याला वेगळा विदागार लागत नाही. पान किंवा विभागानुसार वाचनाचे व संपादनाचे अधिकार देता येतात. लहान संस्थांना ते सोयीचे पडते, कारण सॉफ्टवेअर बंद पडले तरी मजकूर कोणत्याही संपादकात उघडून वाचता येतो.

मीडियाविकी: मोठ्या प्रमाणावरील मजकूर आणि संपादनाचा तपशीलवार इतिहास यांसाठी उपयुक्त. त्याचा वापरकर्ता-दर्शनी भाग मराठीत उपलब्ध आहे. मात्र ते खुल्या ज्ञानासाठी घडवलेले असल्याने पानागणिक वाचनाचे अधिकार मर्यादित करणे हा त्याचा उद्देश नाही. गोपनीय कागद असलेल्या संस्थेने ही मर्यादा आधी लक्षात घ्यावी लागते.

ड्रुपल: ड्रिस बाइटार्ट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही आशय व्यवस्थापन प्रणाली आहे. ठराव, निविदा, पत्र अशा प्रत्येक प्रकारच्या दस्तऐवजासाठी वेगळा नमुना व वेगळी क्षेत्रे तयार करता येतात. लवचीकता अधिक असल्याने तिच्या उभारणीला जाणकार व्यक्ती लागते.

रेडमाइन: जाँ-फिलिप लांग यांनी २००६ मध्ये सुरू केलेले प्रकल्प व्यवस्थापन सॉफ्टवेअर. अनेक प्रकल्प, कामांच्या नोंदी, दिनदर्शिका, गँट तक्ता, विकी, दस्तऐवज आणि भूमिकेनुसार अधिकार या सोयी त्यात एकत्र आहेत. २०११ मध्ये त्याच्यातून चिलीप्रोजेक्ट हा स्वतंत्र फाटा निघाला. तो पुढे थांबला, पण त्याच्यावर आधारलेले ओपनप्रोजेक्ट आज स्वतंत्रपणे विकसित होते.

नेक्स्टक्लाउड: फाइली साठवणे, वाटून देणे, आवृत्त्या जपणे आणि सामायिक दिनदर्शिका यांसाठी वापरले जाते. २०१६ मध्ये फ्रँक कार्लिचेक व त्यांचे सहकारी यांनी ओनक्लाउडपासून वेगळे होऊन ते सुरू केले.

शेवटच्या दोन उदाहरणांतून मुक्त परवान्याचा एक महत्त्वाचा परिणाम दिसतो. विकासकांत मतभेद झाले किंवा मूळ चालकाने दिशा बदलली, तरी उपलब्ध संकेतावरून दुसरा गट काम पुढे नेऊ शकतो. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत विक्रेत्याने उत्पादन थांबवल्यास ग्राहकाकडे हा मार्ग उरत नाही.

## उभारणीचे टप्पे

### कागदांची गणना

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी संस्थेत कोणते कागद तयार होतात, ते कोण तयार करतो, कोण तपासतो, किती काळ जपावे लागतात आणि कोण मागतो याची यादी करणे हा पहिला टप्पा होय. ही यादी नसल्यास संकेतस्थळ म्हणजे अव्यवस्थित कपाटाची संगणकीय प्रत ठरते.

### वर्गीकरण आणि नावे

फाइलीच्या नावाचा एकच नमुना ठरवला जातो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, त्यापुढे विभाग आणि विषय असा नमुना उपयोगी पडतो, कारण संगणक नावे क्रमाने लावतो तेव्हा कागदही आपोआप कालक्रमाने लागतात. ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘शेवटचे’ अशी नावे टाळली जातात. आवृत्ती नावात लिहिण्याऐवजी सॉफ्टवेअरच्या आवृत्ती-इतिहासावर सोपवली जाते, म्हणजे कोणता बदल कोणी व केव्हा केला हे कळते.

### भूमिका आणि अधिकार

अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला दिले जातात. लिपिक, विभागप्रमुख, लेखापाल, मुख्याधिकारी अशा भूमिका ठरवून व्यक्तीला त्या भूमिकेत बसवले जाते. बदली किंवा निवृत्तीनंतर फक्त व्यक्ती बदलते, अधिकारांची रचना तीच राहते. सर्वांनी मिळून एकच सदस्यनाव वापरण्याची प्रथा या रचनेला घातक ठरते. तसे झाल्यास बदलांच्या इतिहासाला पुरावा म्हणून किंमत राहत नाही.

### जुन्या कागदांचे स्थलांतर

जुने दप्तर एकाच वेळी चढवण्याऐवजी चालू वर्षापासून सुरुवात करून मागे जाणे सोपे जाते. छापील मजकुराचे अक्षर-ओळखीसाठी प्रतिमांकन साधारणपणे दर इंचास ३०० बिंदू या घनतेने केले जाते. टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत अक्षर-ओळख सॉफ्टवेअर मूळ ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाले, २००५ मध्ये खुले करण्यात आले आणि त्यात मराठीची सोय आहे. हस्तलिखित नोंदवह्या आणि मोडी लिपीतील दप्तर यांना ही पद्धत पुरेशी पडत नाही. तेथे प्रतिमा जपून तिच्यासोबत विषय, तारीख, गाव व व्यक्ती यांची हाताने केलेली सूची जोडावी लागते.

### प्रायोगिक वापर

एका विभागात काही महिने वापर करून मगच संकेतस्थळ सर्व संस्थेसाठी सुरू केले जाते. या काळात कागदी व संगणकीय अशा दोन्ही नोंदी चालतात. दुहेरी नोंद कोणत्या तारखेला थांबवायची हे आधी ठरवले नाही, तर कर्मचारी कागदी नोंदवहीलाच खरी मानतात आणि संकेतस्थळ मागे पडते.

## मराठी मजकुराचे प्रश्न

इंग्रजीसाठी सहज चालणारे संकेतस्थळ मराठीत अनेकदा अडते. त्याची कारणे तांत्रिक तसेच भाषिक आहेत.

युनिकोडपूर्व टंक: युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या संचांतील टंकांत लिहिला जाई. अशा फाइलीत देवनागरी केवळ दिसते. संगणकाच्या लेखी तो रोमन चिन्हांचा क्रम असतो. टंक नसलेल्या संगणकावर मजकूर अगम्य दिसतो आणि शोध लागत नाही. असा मजकूर चढवण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरे तपासावी लागतात.

एका शब्दाची अनेक रूपे: ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकलिखित करता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, ‘र’ला नुक्ता जोडून किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तो लिहिता येतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरण नियमाने एकरूप होतात, तिसरा होत नाही. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, पण शोधयंत्राला वेगळे वाटतात. म्हणून मजकूर साठवतानाच तो एका रूपात आणण्याची व्यवस्था करावी लागते.

सामान्यरूप: मराठीत विभक्ती लागताना नाम बदलते. ‘रस्ता’चे ‘रस्त्याचे’, ‘पाणी’चे ‘पाण्याची’, ‘विहीर’चे ‘विहिरीवर’ असे होते. केवळ ‘रस्ता’ शोधल्यास ‘रस्त्याचे काम’ हा मजकूर सापडेलच असे नाही. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक दस्तऐवजाला ठरलेल्या यादीतून मूळ रूपातील विषयशब्द जोडणे. ग्रंथालयातील विषयसूचीचे तत्त्व येथेही लागू पडते.

लेखनपद्धती: मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या कागदांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. जुने दप्तर शोधताना दोन्ही रूपांचा विचार करावा लागतो. मूळ कागदाची प्रत करताना जुने लेखन बदलू नये, विषयशब्द मात्र आजच्या लेखनानुसार द्यावेत, ही पद्धत सोयीची ठरते.

लहान शब्द: मायएसक्यूएल व मारियाडीबी यांच्या इनोडीबी प्रकारातील पूर्णमजकूर शोधात तीन चिन्हांपेक्षा लहान शब्द मूळ मांडणीत वगळले जातात. त्यामुळे ‘कर’ किंवा ‘घर’ यांसारखे नगरपालिकेच्या कामातील महत्त्वाचे शब्द सूचीत येत नाहीत. ही मर्यादा मांडणीत बदलता येते, पण ती माहीत असावी लागते.

नावांची लांबी: देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ संकेतनात तीन बाइट घेते. ‘पाणीपुरवठा’ हा सहा अक्षरांचा शब्द काना, वेलांटी व उकार धरून दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. लिनक्सवरील प्रचलित एक्स्ट४ प्रणालीत फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. विषय पूर्ण वाक्यात लिहिण्याची कार्यालयीन सवय येथे अडचणीची ठरते. पूर्ण विषय सूचीत आणि आटोपशीर नाव फाइलीला असा मार्ग काढला जातो.

## कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशित करून ठेवणे आणि योग्य ते अभिलेख उपलब्ध साधनांनुसार वाजवी मुदतीत संगणकीकृत करणे अपेक्षित आहे. याच कायद्यान्वये नागरिकाच्या अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. कागद वेळेत सापडणे हा त्यामुळे नागरिकाच्या हक्काचा भाग बनतो.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. त्यामुळे सार्वजनिक संस्थेच्या प्रणालीत मराठी शोध नीट चालणे ही मूलभूत गरज ठरते. २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. दीर्घकाळ जपावयाच्या कागदांसाठी पीडीएफ-ए आणि संपादनयोग्य कागदांसाठी ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट ही आंतरराष्ट्रीय मानके उपलब्ध आहेत. व्यक्तींचे पत्ते, आरोग्य किंवा बँक-तपशील असलेल्या कागदांना डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याचा विचार करून मर्यादित प्रवेश द्यावा लागतो.

## महाराष्ट्रातील अनुभव

### वारणा प्रकल्प

वारणानगर (जि. कोल्हापूर) येथील सहकारी समूहात १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारून ती कारखान्याशी जोडण्यात आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणा समूह यांचा त्यात सहभाग होता. हा प्रकल्प मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा नव्हता, पण ग्रामीण महाराष्ट्रातील संस्थात्मक नोंदींच्या संगणकीकरणाचे ते आरंभीचे व बहुचर्चित उदाहरण आहे.

शेतीविषयक माहितीपासून बाजारभावापर्यंत अनेक सेवांची कल्पना मूळ आराखड्यात होती. प्रत्यक्षात ऊसनोंद, वजन, खतवाटप अशा कारखान्याच्या रोजच्या व्यवहारासाठीच केंद्रांचा मुख्य वापर राहिला. संगणकांची देखभाल हा पुढे मोठा प्रश्न बनला. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशाद्वारे हेच व्यवहार करण्याचा प्रयोग केला. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना ज्या नोंदीची दररोज गरज असते तीच टिकते आणि साधन जितके साधे तितकी देखभाल सोपी, हा या अनुभवाचा बोध अंतर्गत संकेतस्थळांनाही लागू पडतो.

### ईआरपीनेक्स्ट

मुंबईतील फ्रापे टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकसित केलेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत व्यवसाय व्यवस्थापन सॉफ्टवेअर आहे. कंपनीचे संस्थापक रुषभ मेहता यांनी कौटुंबिक फर्निचर व्यवसायातील गरजेतून या कामाला सुरुवात केली. हिशेब, साठा, खरेदी यांच्याबरोबर प्रकल्प व कामांच्या नोंदींचा विभाग त्यात आहे. ज्या संस्थेला खर्च आणि काम यांची सांगड घालावयाची असते तिला केवळ विकीपेक्षा अशी प्रणाली अधिक उपयोगी पडू शकते. मात्र तिची मांडणी विस्तृत असल्याने प्रशिक्षणाची गरजही अधिक असते.

### शैक्षणिक संस्था

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले डीस्पेस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विद्यापीठांच्या संग्रहांसाठी वापरले जाते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह त्यावर उभारलेला असून त्यात महाराष्ट्रातील विद्यापीठांचे प्रबंधही आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट कार्यरत आहे. अशा गटांतून मुक्तस्रोत प्रणाली हाताळू शकणारे मनुष्यबळ स्थानिक पातळीवर तयार होते.

## लहान शहरासाठी नमुना रचना

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे सांगली–इस्लामपूर मार्गावरील नगरपरिषद असलेले गाव आहे. गावात अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा आकाराच्या गावातील संस्थांकडे स्वतंत्र संगणक विभाग सहसा नसतो. त्यांच्यासाठी उपयोगी पडेल अशी रचना नमुन्यादाखल पुढीलप्रमाणे मांडता येते.

दस्तऐवजांसाठी पाच विभाग पुरतात: सभा व ठराव, बांधकाम व पाणीपुरवठा, कर व वसुली, आस्थापना, आणि आवक-जावक. प्रत्येक विकासकाम हा स्वतंत्र प्रकल्प धरला जातो आणि ठरावापासून पूर्णत्वाच्या दाखल्यापर्यंतचे टप्पे त्यात कामे म्हणून आधीच भरलेले असतात. प्रत्येक टप्प्यासमोर जबाबदार भूमिका, मुदत आणि संबंधित कागदाचा दुवा असतो. टप्पा पूर्ण झाल्याची खूण कागद जोडल्याशिवाय करता येऊ नये, असा नियम ठेवल्यास तक्ता आणि दप्तर यांत तफावत राहत नाही. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने वर्षाअखेरीस अपूर्ण प्रकल्प पुढील वर्षात ओढण्याची नोंद स्पष्टपणे केली जाते.

महाविद्यालयाला हीच रचना अभ्यासमंडळांची इतिवृत्ते, मूल्यांकनाची कागदपत्रे व विद्यार्थी-प्रकल्प यांसाठी वापरता येते. पतसंस्थेला ती संचालक मंडळाचे ठराव व लेखापरीक्षणातील त्रुटींची पूर्तता यांसाठी उपयोगी पडते. सॉफ्टवेअर एकच असले तरी विभागांची नावे संस्थेच्या रोजच्या भाषेतील असणे महत्त्वाचे ठरते. ‘टास्क’ऐवजी ‘काम’ आणि ‘स्टेटस’ऐवजी ‘सद्यःस्थिती’ असे बदल दर्शनी भागात करता येतात.

## सुरक्षा, राखीव प्रती आणि देखभाल

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील त्रुटी सापडल्यावर तिची दुरुस्ती जाहीर केली जाते. दुरुस्ती जाहीर होताच त्रुटीही सर्वांना कळते, म्हणून ती त्वरित बसवणे आवश्यक असते. ड्रुपलमधील गंभीर त्रुटीची दुरुस्ती १५ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाली तेव्हा काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. सात तासांत दुरुस्ती न बसवलेली संकेतस्थळे बाधित झाली असे समजावे, अशी सूचना ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर दिली. अंतर्गत संकेतस्थळ शक्यतो संस्थेच्या जाळ्यापुरते मर्यादित ठेवण्याचे हे एक कारण आहे.

राखीव प्रतींबाबत ‘तीन-दोन-एक’ हा नियम प्रसिद्ध आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. कृष्णा-वारणा खोऱ्यात या नियमातील शेवटच्या भागाला विशेष महत्त्व आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली शहर व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. मूळ सर्व्हर आणि राखीव प्रत एकाच इमारतीच्या तळमजल्यावर असल्यास अशा प्रसंगी दोन्ही एकदम नष्ट होऊ शकतात. दुसरी प्रत पूररेषेबाहेरील ठिकाणी, शक्यतो दुसऱ्या गावी असावी लागते.

राखीव प्रत घेणे पुरेसे नसते. ती दुसऱ्या संगणकावर उघडून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते का, हे ठरावीक काळाने तपासावे लागते. विदागाराची प्रत घेताना वर्णसंकेतन चुकल्यास देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि असा बिघडलेला मजकूर पूर्ववत करता येत नाही. तपासणी करताना म्हणूनच जोडाक्षरे असलेला एखादा मराठी कागद उघडून वाचला जातो.

देखभालीसाठी किमान दोन व्यक्तींना प्रणालीची माहिती असणे, परवलीचे शब्द मोहोरबंद स्वरूपात कार्यालयाच्या ताब्यात असणे आणि उभारणीची कृती टप्प्याटप्प्याने मराठीत लिहून ठेवलेली असणे या किमान अपेक्षा आहेत. ही कृती संकेतस्थळावर तसेच कागदावरही ठेवली जाते, कारण संकेतस्थळ बंद पडते तेव्हाच तिची गरज असते.

## मर्यादा आणि टीका

परवाना शुल्क नसले तरी संगणक, वीज, राखीव साधने, प्रशिक्षण आणि जाणकाराचे मानधन हा खर्च राहतोच. काही संस्था हा खर्च न धरता काम सुरू करतात आणि उभारणी करणारा उत्साही कर्मचारी किंवा विद्यार्थी निघून गेल्यावर संकेतस्थळ बंद पडते. मुक्त परवाना दुसऱ्या व्यक्तीला काम पुढे नेण्याची मुभा देतो, ती व्यक्ती मिळवून देत नाही. या कारणाने काही अभ्यासक लहान संस्थांनी स्वतंत्र संकेतस्थळ उभारण्यापेक्षा अनेक संस्थांनी मिळून एक सामायिक व्यवस्था चालवावी असे सुचवतात.

दुसरा आक्षेप पारदर्शकतेविषयी आहे. बदलांचा इतिहास स्पष्ट दिसत असल्याने काम कोठे अडले हे लगेच कळते. काही कर्मचाऱ्यांना हे नियंत्रण वाटते, तर नागरिक व सदस्यांना तीच सोय वाटते. नोंदीचा उपयोग केवळ दोष शोधण्यासाठी झाल्यास कर्मचारी उशिरा किंवा कमी नोंदी करू लागतात आणि मूळ हेतू साधत नाही.

तिसरी मर्यादा कायमस्वरूपी जपणुकीची आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती काही वर्षांत जुनी होते, तर ‘अ’ वर्गातील ठराव पिढ्यान्‌पिढ्या जपायचा असतो. त्यामुळे मूळ स्वाक्षरीचा कागद जपणे, संकेतस्थळावरील मजकूर खुल्या मानकात वेळोवेळी बाहेर काढून ठेवणे आणि नवीन प्रणालीत नेता येईल अशी सूची सांभाळणे ही कामे संकेतस्थळ सुरू झाल्यानंतरही चालू ठेवावी लागतात.